एका बेंचच्या चावीसाठी ५७ दिवस

६ जानेवारीला सुतारकामाचं शेअर्ड वर्कशॉप बघून आले आणि ४ मार्चला चावी हातात पडली. मधले दिवस कुठे गेले ते लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा जे सापडलं ते एकतर कंपन्यांच्या जाहिराती, नाहीतर वाचता वाचता झोप येईल असे पीडीएफ. ज्याला फक्त सुट्टीच्या दिवशी चार तास लाकूड कापायचंय त्याने विम्याचं नक्की काय करायचं, हे कुणी सरळ सांगत नाही.

मी पाच वर्षं घरातच सुतारकाम करतेय, गॅलरीत. हातकरवत, दोन रंधे, पटाश्या, एक ड्रिल, बास. स्टूल, ट्रे, चॉपिंग बोर्ड असलं काहीबाही करते. पण भुसा घरभर जातो, त्यावरून रोज कुरबुर, आणि टेबल सॉ ठेवायला तर जागाच नाही. म्हणून बेंच भाड्याने घ्यायचं ठरवलं. जागा बघताक्षणी आवडली, मशिनी नीट राखलेल्या, धूळ ओढायची व्यवस्था चांगली, मॅनेजर पोरगा पण बोलायला मोकळा. करार ११ पानी होता, मी म्हटलं द्या, इथेच सही करते. तो म्हणाला, "ताई, घरी नेऊन वाचा आधी. कलम १४ खास वाचा."

कलम १४ म्हणजे स्वतःच्या नावावर लायबिलिटी विमा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) काढायचा, चावी घेण्याआधी त्याचं सर्टिफिकेट द्यायचं, आणि त्या सर्टिफिकेटवर वर्कशॉप चालवणाऱ्या कंपनीचं नाव जादा विमाधारक म्हणून, म्हणजे माझ्या विम्याचं संरक्षण तिलाही, असं हवं. मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की अहो तुमचा स्वतःचा विमा असेलच ना, मग माझा कशाला? तर तो म्हणाला, "आहे ना ताई, पण तो आमचा आहे."

तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. खरं तर त्या एका वाक्यात सगळं होतं, मला कळायला दोन आठवडे लागले एवढंच. समजा माझ्या चुकीने आग लागली. त्यांची विमा कंपनी त्यांना पैसे देईल, आणि मग ज्याच्या चुकीने आग लागली त्याच्याकडून, म्हणजे माझ्याकडून, ते वसूल करायला येईल. तसा हक्क तिला असतो, सब्रोगेशन म्हणतात त्याला. म्हणजे त्यांचा विमा ही माझ्या डोक्यावरची छत्री नाहीच, उलट उद्या तोच माझ्या दारात येऊन उभा राहू शकतो.

८ तारखेला घराच्या विम्याची फाइल काढली. त्यात लायबिलिटीचा एक परिच्छेद निघाला आणि मी खूश, म्हटलं काम झालं. हेल्पलाइनला तीनदा फोन, सगळं मिळून ४० मिनिटं होल्डवरची पेटी ऐकली, मग एक बाई बोलल्या. त्यांनी सांगितलं की छंद म्हणून केलेलं काम आमच्यात कव्हर आहे, घराबाहेर केलं तरी आहे, पण दोन गोष्टी. एक म्हणजे त्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालता येत नाही. आणि दुसरं म्हणजे वस्तू विकलीत की तो धंदा, आणि धंदा बाहेर. आता गेल्या वर्षी मी ओळखीत ६ बोर्ड दिले होते, लाकडाचे पैसे आणि वर थोडेसे घेऊन. मी विचारलं, "सहा बोर्डांचा कुठे धंदा होतो का हो?" त्या म्हणाल्या, "पैसे घेतलेत ना?" झालं.

तरी तुम्ही आधी स्वतःची घराची पॉलिसी बघाच. काहीच विकत नसाल आणि वर्कशॉपला नुसता पुरावा चालत असेल तर कदाचित तिथेच काम भागेल, आणि पुढचं हे सगळं तुम्हाला वाचायचीही गरज नाही.

मग १३ पासून ऑनलाइन फॉर्म. हा भाग पटकन संपवते कारण आठवला की अजून डोकं फिरतं. व्यवसाय निवडायच्या यादीत 'सुतारकाम कंत्राटदार' आहे, 'फर्निचर उत्पादक' आहे, हौशी असं काही नाहीच. कंत्राटदार निवडलं तर कामगार किती, उंचीवर काम करता का, वर्षाची उलाढाल किती. उलाढालीत शून्य टाकलं की फॉर्म लाल होतो. एका ठिकाणी कसाबसा कोट, म्हणजे प्रीमियमचा आकडा, आला, तो जवळजवळ वर्षभराच्या बेंचभाड्याएवढा. लॅपटॉप मिटला. आठवडाभर विषयच काढला नाही, गॅलरीत जाऊन चिडून एक पटाशी गरजेपेक्षा जास्त वेळ घासली. सोडूनच द्यावं असं वाटत होतं.

२१ ला एका ओळखीच्यांनी ब्रोकरचा नंबर दिला. मला तोवर एजंट आणि ब्रोकर एकच वाटायचे. एजंट कंपनीच्या वतीने बोलतो, ब्रोकर आपल्या वतीने बाजारात विचारतो, हा फरक आपल्यासारख्या तिरपागड्या गरजेला फार मोठा आहे कारण तयार साच्यात आपण बसतच नाही. हे गृहस्थ वयाने मोठे, बोलणं संथ. मला वाटलं विचारतील काय बनवता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही काय काय करणार नाही, ते सांगा."

मी गडबडलेच. म्हटलं म्हणजे? ते म्हणाले वेल्डिंग करणार नाही, स्प्रे पेंटिंग करणार नाही, कुणाला शिकवणार नाही, मदतीला पोरं आणणार नाही, लहान मुलांची खेळणी विकणार नाही, असं जे जे नक्की नाही ते आधी बाजूला काढू, कारण विमा कंपनीला तुम्ही आत्ता फक्त 'लाकूडवाली' म्हणून दिसताय आणि तिच्या मनात त्या शब्दाबरोबर मोठी फॅक्टरी येते. त्या एका फोनमध्ये माझी अर्धी भीती गेली. हो, आणि त्यांचं कमिशन कंपनीकडून येतं, मला वेगळे पैसे पडले नाहीत, पण हे आधीच विचारून घ्या, सगळीकडे तसं नसतं.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, ६ पानी. त्यांनी बजावलं की लपवायचं काही नाही, क्षुल्लक वाटलं तरी लिहा. विम्यात पहिल्यापासून हा दंडक आहे की कंपनीने धोका उचलायचा की नाही हे ज्यावरून ठरतं ती माहिती प्रामाणिकपणे द्यायची. १७६६ मध्ये इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफिल्डने कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात हे तत्त्व मांडलं. मजा म्हणजे त्या खटल्यात विमा देणारा हरला होता, कारण जे लपवलं म्हणून तो ओरडत होता ते त्याला स्वतःला माहीत असायला हवं होतं. आपण काही त्याच्या भरवशावर राहू नये. मी ते ६ बोर्ड लिहिले, चार वर्षांपूर्वी ड्रिल घसरून बोटाला टाके पडले होते तेही लिहिलं. बोटाचा तसा संबंध नाही, कारण हा विमा दुसऱ्याला झालेल्या इजेचा आणि दुसऱ्याच्या वस्तूच्या नुकसानीचा असतो, माझ्या स्वतःच्या बोटाला त्यात एक पैसा नाही. (हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्वतःसाठी अपघात विमा वेगळा काढावा लागतो, तसंच आपली हत्यारं चोरीला गेली तर तेही यात येत नाही.) पण प्रश्न होता 'कोणताही अपघात', म्हणून लिहिलं.

एक प्रश्न चिंध्यांचा होता. ऑइल फिनिश वापरता का आणि वापरलेली फडकी कुठे टाकता. मी जवसाचं तेल वापरते आणि फडकी, काय सांगू, पाच वर्षं चुरगळून डब्यात टाकत आले होते. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता तयार होते, फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, बोळा करून टाकलं तर आत कोंडते आणि काही तासांनी फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. हे वाचलं त्या रात्री मी उठून गॅलरीतला डबा उघडून बघून आले. आता फडकी एकेरी पसरून वाळवते, वर्कशॉपमध्ये त्यासाठी पाणी घातलेला झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. फॉर्ममध्ये 'यापुढे' असं लिहून खरं ते दिलं.

३० ला अंडररायटरचा, म्हणजे विमा कंपनीत धोका जोखणाऱ्या माणसाचा, उलट प्रश्न आला, तुम्ही ग्राइंडर वापरणार असं लिहिलंय, हे हॉट वर्क आहे का? मी म्हटलं अहो मी फक्त पटाश्यांना धार लावते! पण ठिणग्या उडतात ना, मग ते वेल्डिंगच्याच पंगतीत बसतं. आणि हॉट वर्क म्हटलं की अटी येतात, आजूबाजूचं जळाऊ सामान लांब नेणं, काम संपल्यावर तासभर तिथेच थांबून लक्ष ठेवणं. या अटी कंपनीच्या मनच्या नाहीत, अमेरिकेतल्या एनएफपीए या आगीपासून बचावाचे नियम काढणाऱ्या संस्थेच्या ५१बी स्टँडर्डमध्ये ११ मीटरचं अंतर आहे आणि २०१९ च्या आवृत्तीपासून थांबायची वेळ अर्ध्या तासावरून एक तास झाली. आता लाकडाच्या वर्कशॉपमध्ये ११ मीटरच्या आत जळाऊ नाही असं काय असणार, मी स्वतः धरून सगळं जळाऊच. दोन मिनिटं विचार केला आणि ग्राइंडर खोडला. धार दगडावर लावते, जास्त वेळ जातो पण धार चांगलीच येते.

६ फेब्रुवारीला कोट आला. अडीच महिन्यांच्या बेंचभाड्याएवढा वर्षाचा प्रीमियम, ऑनलाइनवाल्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. मी लगेच पैसे भरायला निघाले होते. ब्रोकर म्हणाले थांबा, आधी एक्सक्लूजन, म्हणजे विम्यात काय येत नाही ते, वाचू, मी फोनवर बसतो. तर त्यात चार गोष्टी निघाल्या.

पहिली, आपल्या ताब्यातल्या वस्तू. मी ज्या टेबल सॉवर काम करतेय तीच माझ्या हातून बिघडली तर विमा देणार नाही, कारण त्या वेळी ती माझ्या ताब्यात असते. शेजारच्याचं टेबल मोडलं तर देईल. भाड्याच्या जागेला माझ्यामुळे आग लागली तर त्याला वेगळं, कमी लिमिट होतं, ते मी वाढवून घेतलं, थोडे पैसे वाढले. मशिनीचं मात्र काही होत नव्हतं, तेव्हा वर्कशॉपला विचारलं, तर त्यांच्या मशिनींचा त्यांनी ब्रेकडाऊन विमा घेतलाय आणि मुद्दाम गैरवापर सोडून ते सदस्याकडून मागत नाहीत. हे ईमेलवर लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि मी एकटी असते तर मला जन्मात दिसली नसती. वर्कशॉपच्या करारात कलम १७ होतं, की माझ्या वापराच्या वेळेत झालेल्या कोणत्याही नुकसानीची, कारण काहीही असो, सगळी जबाबदारी माझी. आणि पॉलिसीत होतं की कराराने अंगावर घेतलेली जबाबदारी, जी एरवी कायद्याने तुमच्यावर आली नसती, ती कव्हर नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मधे एक खड्डा दिसतो, आणि त्या खड्ड्यात मी उभी. छपरातून पाणी गळून शॉर्ट सर्किट झालं तरी करारानुसार मी भरणार आणि विमा म्हणणार तुम्ही कशाला सही केलीत. उपाय सोपा होता, 'कारण काहीही असो' काढून 'सदस्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीपुरती' करायचं. मला वाटलं वर्कशॉपवाले हाकलून देतील. १० ला ईमेल केला, त्यांच्या वकिलाकडे गेला, १९ ला उत्तर आलं की ठीक आहे, आणि मॅनेजर म्हणाला की आता सगळ्यांच्याच करारात बदलतोय. नऊ दिवस मी नुसती इनबॉक्स उघडून बंद करत होते.

तिसरी, थर्ड पार्टी म्हणजे कोण. पॉलिसीत लिहिलेलं की 'एकाच संस्थेचे सदस्य' थर्ड पार्टीत धरले जाणार नाहीत. आणि वर्कशॉपचा करार भाडेकरूला सदस्य म्हणतो! म्हणजे शेजारच्या बेंचवरच्या माणसाला माझ्यामुळे लागलं, आणि लागलं तर त्यालाच लागणार ना, तर कव्हर नाही? ब्रोकरनी लेखी विचारलं, सहा दिवसांनी एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचा बदलाचा कागद) आलं की स्वतंत्र करार असलेले भाडेकरू एकमेकांना थर्ड पार्टी समजले जातील. फोनवर 'हो हो, येतं त्यात' म्हणणारे खूप भेटतात. पॉलिसीला जोडलेल्या कागदावर आलं तरच आलं असं समजा.

चौथी, क्लेम कधीचा धरायचा. एका प्रकारात घटना पॉलिसीच्या काळात घडली की पुरतं, क्लेम नंतर आला तरी चालतो. दुसऱ्या प्रकारात क्लेम येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. हौशी माणूस कधी छंद सोडेल सांगता येत नाही, म्हणून मी पहिला घेतला, थोडा महाग होता. विकलेल्या वस्तूंसाठी प्रॉडक्ट लायबिलिटी पण जोडली, बोर्डांमुळे. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपल्या खिशातला हिस्सा, साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढा ठेवला. लिमिट बघताना दोन आकडे बघा, एका अपघाताचा वेगळा आणि वर्षाचा मिळून वेगळा.

२० फेब्रुवारीला पैसे भरले आणि इथे मी एक बावळटपणा केला. पॉलिसी सुरू व्हायची तारीख त्याच मध्यरात्रीची टाकली. चावी मिळाली ४ मार्चला, म्हणजे बारा दिवस मी गॅलरीत बसून वर्कशॉपचा विमा भोगला. तुम्ही तारीख पुढची घ्या, मात्र मागची मिळत नाही हेही लक्षात ठेवा.

२४ ला सर्टिफिकेट आलं, २५ ला नाचत घेऊन गेले, मॅनेजरने बघितलं आणि तोंड वाकडं केलं. त्यावर वर्कशॉपच्या पाटीवरचं नाव होतं, आणि करारात कंपनीचं नोंदणीचं नाव वेगळंच. "ताई, चावी मी आत्ता देईन हो, पण उद्या काही झालं तर हा कागद माझ्या काय कामाचा?" बरोबर होतं त्याचं. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. दुरुस्त होऊन यायला ३ मार्च उजाडला. करारातलं नाव आणि पत्ता कॉपी-पेस्ट करून पाठवा, हाताने टाइप करू नका, एवढंच सांगते.

४ ला संध्याकाळी बेंचला हात लावला. त्या दिवशी काही बनवलं नाही, हत्यारं लावली, ड्रॉवरला कागद घातला आणि घरी आले.

मग २२ मार्च. माझ्या शेजारच्या बेंचवर एक रिटायर्ड काका लाकडी घड्याळं बनवतात, दातेरी चाकं अगदी बारीक, प्रत्येक दात डिजिटल कॅलिपरने मोजून. मी दीड मीटरची फळी बेंचला उभी टेकवून चहा घ्यायला गेले. क्लॅम्प लावला नाही. परत येतेय तर डोळ्यांदेखत ती घसरली, काकांच्या बेंचच्या कडेवर आपटली आणि कॅलिपर खाली. जबडा वाकला, स्क्रीनवर आकडे नाचायला लागले. मी धावत गेले आणि तोंडातून निघालं, "काका, माझीच चूक, नवीन आणून देते." आणि तेवढ्यात आठवलं, अट क्रमांक ८, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही. महिनाभर जी पॉलिसी जपली तिचीच अट अर्ध्या सेकंदात मोडली.

ब्रोकरना फोन लावला. ते म्हणाले कॅलिपरची किंमत डिडक्टिबलच्या खाली आहे, क्लेम होतच नाही, तुम्ही देऊन टाका. पण तारीख, वेळ, फोटो आणि दोन ओळी ईमेलने कळवा, रिन्यूअलच्या फॉर्मवर विचारतील तेव्हा उत्तर तयार असेल. आणि कुणाला लागलं असतं तर गोष्ट वेगळी, मदत करायची, प्रथमोपचार करायचे, वाईट वाटलं म्हणायलाही हरकत नाही, पण भरपाई देते म्हणायचं नाही, कशावर सही करायची नाही आणि त्याच दिवशी कळवायचं. मी विचारलं हे माणुसकीला धरून आहे का. ते म्हणाले तुम्ही वचन दिलंत आणि त्यावरून कंपनीने हात वर केले तर त्या माणसाला मिळणार काय?

काकांना नवीन कॅलिपर दिला. ते नको नको म्हणत होते, मग घेतला, आणि वाकलेला फेकू दिला नाही, म्हणाले बाहेरची मापं अजून बरी येतात. माझ्या बेंचला आता फळ्या आडव्या ठेवायचा रॅक आहे, त्यांनीच मोजून दिला.

एवढ्यात मला लेथ शिकायची हुक्की आलीय. पॉलिसीतल्या मशिनींच्या यादीत लेथ नाही. १४ एप्रिलला ब्रोकरना कळवलं, अंडररायटरने विचारलंय की तोंडावर शील्ड घालणार का आणि जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड लावणार. उत्तर पाठवलं, आज नववा दिवस, एन्डॉर्समेंट अजून आलेलं नाही, तोवर मी लेथपाशी उभी राहून फक्त बघते.